सूत्र म्हणजे फलन नव्हे

अकरावीला गणितात फलन भेटतं आणि बारावीचं अर्धं पुस्तक त्याच्याच भोवती फिरतं. सीमा, सांतत्य, अवकलज, समाकलन, सगळं शेवटी फलनाबद्दलच असतं. मुलं अवकलनाची सूत्रं पाठ करतात, उत्तरंही बरोबर आणतात. पण फलन म्हणजे काय असं विचारलं, की वहीत ‘य = क्ष²’ लिहून दाखवतात. माझ्या मते फलनाबद्दलच्या जवळजवळ सगळ्या गैरसमजांचं मूळ याच सवयीत आहे. सूत्र दिसलं की फलन दिसलं, असं आपण धरून चालतो.

फलनाला तीन गोष्टी लागतात. जिथून निघायचं तो संच, जिथे पोचायचं तो संच, आणि पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्यातला एक आणि एकच घटक नेमून देणारा नियम. नियम सूत्रात लिहिता आला तर सोय होते. नाही लिहिता आला, तरी फलनाचं काही अडत नाही. एवढं मनात पक्कं असलं, की पुढच्या बहुतेक गैरसमजांचा गुंता आपोआप सुटायला लागतो.

‘सूत्रच नाही, तर फलन कसलं?’

असं वाटणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी रागावत नाही, कारण गणितज्ञ ऑयलरलाही एके काळी असंच वाटत होतं. लायब्निझनं १६७३ मध्ये ‘फंक्शन’ हा शब्द पहिल्यांदा वापरला तो वक्राशी निगडित लांब्यांसाठी. योहान बर्नुलीनं १७१८ मध्ये त्याची व्याख्या केली आणि ऑयलरनं १७४८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात सांगितलं, की चल आणि स्थिर राशींपासून बनलेली विश्लेषणात्मक राशी म्हणजे फलन. थोडक्यात, सूत्र.

ही व्याख्या मोडली ती एका तारेनं. दोन टोकांना ताणून बांधलेली तार मध्ये बोटानं उचलून सोडली तर ती कशी कंप पावेल, याचं समीकरण दालाँबेरनं १७४७ मध्ये मांडलं आणि सोडवलं. आता उचललेल्या तारेचा आकार पाहा. डाव्या टोकापासून बोटापर्यंत एक सरळ रेघ, बोटापासून उजव्या टोकापर्यंत दुसरी, आणि मध्ये कोपरा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही दोन सूत्रं झाली, एक फलन नव्हे. दालाँबेरचं म्हणणं, असा आकार गणितात घ्यायचाच नाही. ऑयलरचं म्हणणं, तार तर त्या आकारात प्रत्यक्ष समोर आहे, मग तो नाकारायचा कसा? वाद वर्षानुवर्षं चालला आणि त्यात डॅनिएल बर्नुलीही उतरला. या खटाटोपात ऑयलरचं स्वतःचं मत सैल झालं. १७५५ च्या ग्रंथात त्यानं लिहिलं, की एक राशी बदलली असता दुसरी बदलत असेल, तर दुसरी ही पहिलीचं फलन. या व्याख्येत सूत्राची अट नाही. स्वतःची सात वर्षांपूर्वीची व्याख्या बाजूला ठेवून नवी लिहिणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे फूरियेनं १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवलेल्या आणि १८२२ मध्ये ग्रंथरूपानं आलेल्या उष्णतेवरच्या कामात दाखवलं, की कोपरेवाले, तुटके आकारसुद्धा साइन-कोसाइनच्या अनंत बेरजेत बसवता येतात. मग ‘एक सूत्र’ आणि ‘अनेक सूत्रं’ या भेदात जीव उरला नाही. डिरिक्लेनं १८३७ मध्ये स्पष्ट केलं, की प्रत्येक क्ष ला एक निश्चित य मिळाला म्हणजे पुरे. संपूर्ण पट्ट्यात एकच नियम चालला पाहिजे असंही नाही आणि तो गणिती क्रियांत मांडता आला पाहिजे असंही नाही. १८२९ मध्येच त्यानं एक फलन पुढे ठेवलं होतं. क्ष परिमेय असेल तर १, अपरिमेय असेल तर ०. तीन-चतुर्थांशाला उत्तर १, √२ ला उत्तर ०. कोणतीही वास्तव संख्या घ्या, तिला उत्तर आहे आणि एकच आहे. या फलनाचा आलेख मात्र कुणालाच काढता येणार नाही.

इतकं दूर जायचीही गरज नाही. दहावीच्या निकालात प्रत्येक बैठक क्रमांकाला एकूण गुण मिळतात. हे फलन आहे. बैठक क्रमांकाचा वर्ग करून किंवा त्याला सातानं भागून गुण काढायचं कुठलंही सूत्र नाही, आहे तो फक्त तक्ता.

तक्त्यातल्या फलनाचं सगळ्यांत सुंदर उदाहरण मला आर्यभटाचं वाटतं. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’तल्या एका श्लोकात चोवीस आकडे अक्षरांच्या संकेतात बांधलेले आहेत. सुरुवात २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ अशी, आणि शेवट ५१, ३७, २२, ७ असा. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरला की त्रिज्या ३,४३८ कला येते. दर पावणेचार अंशांना ज्या, म्हणजे त्रिज्येनं गुणलेली साइन, किती वाढते, ते हे आकडे सांगतात. पहिले आठ आकडे मिळवून पाहा. बेरीज १,७१९ येते. आठ टप्पे म्हणजे तीस अंश, आणि १,७१९ ही ३,४३८ ची बरोबर निमपट आहे. आपण तीस अंशांची साइन एक-द्वितीयांश म्हणतो ती हीच. चोवीसही आकडे मिळवले की नव्वद अंशांना ३,४३८, म्हणजे पुरी त्रिज्या.

हे फरक काढायची रीतही आर्यभटानं सांगितली आहे, पण ग्रहगणित करणाऱ्याच्या हाताशी असायचा तो तक्ता. आणि त्या तक्त्यातच फलनाचे गुणधर्म उघडे पडलेले आहेत. सगळे फरक धन आहेत, म्हणजे शून्य ते नव्वद अंशांत फलन वर्धमान आहे. फरक २२५ वरून उतरत ७ वर येतात, म्हणजे वाढ मंदावत जाते आणि नव्वदाशी आलेख सपाट होतो. आज आपण पहिला आणि दुसरा अवकलज काढून जे म्हणतो, ते या चोवीस आकड्यांवर नजर फिरवून म्हणता येतं. फलन शिकवताना मी आधी तक्ता देतो, सूत्र नंतर.

‘सूत्र एक, फलन एक, सूत्रं दोन, फलनं दोन’

केवल मूल्य घ्या. पुस्तकात ते दोन ओळींत लिहितात: क्ष धन किंवा शून्य असेल तर क्ष, ऋण असेल तर −क्ष. दोन सूत्रं झाली म्हणून विद्यार्थ्याला ती दोन फलनं वाटतात. पण हेच फलन √(क्ष²) असं एका सूत्रात मावतं. नेमकं हेच उदाहरण कोशीनं १८४४ मध्ये दिलं होतं, जुन्या वर्गवारीतला फोलपणा दाखवायला. लिहिण्याची तऱ्हा बदलली म्हणून फलन बदलत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सूत्र तेच ठेवून डोमेन, म्हणजे जिथून निघायचं तो संच, बदला, फलन बदलतं. य = क्ष² हे सर्व वास्तव संख्यांवर घेतलं तर ३ आणि −३ दोघांना ९ मिळतात; ते एकास एक नाही. हेच सूत्र चौरसाच्या बाजूवरून क्षेत्रफळ काढायला वापरलं तर क्ष ऋण असूच शकत नाही, आणि मग ते एकास एक होतं, त्याला व्यस्त फलनही मिळतं. सूत्राचं एक अक्षरही बदललेलं नसताना गुणधर्म बदलले. तसंच (क्ष²−१)/(क्ष−१) आणि क्ष+१. छेदातला अवयव काटला की दोन्ही सारखी दिसतात, पण पहिल्याला क्ष = १ वर किंमतच नाही. परीक्षेत अवयव काटताना ही एक संख्या बाजूला लिहून ठेवायची सवय ज्याला लागली, त्याला सीमा हे प्रकरण अर्धं समजलं असं मी मानतो.

डोमेन विसरलं तर काय होतं, हे पहिल्या भास्कराच्या सूत्रावरून फार छान दिसतं. सातव्या शतकातल्या ‘महाभास्करीया’त साइनची किंमत तक्त्याशिवाय काढायचं सूत्र आहे. आजच्या चिन्हांत लिहायचं तर कोन अंशांत क्ष धरून ४क्ष(१८०−क्ष) ला ४०,५०० − क्ष(१८०−क्ष) नं भागायचं. तीस अंश घालून बघा. वर १८,०००, खाली ३६,०००, उत्तर ०.५, अगदी अचूक. नव्वद घाला, वर-खाली दोन्हीकडे ३२,४००, उत्तर १. पंचेचाळीस अंशांना ०.७०५९ येतं, खरी किंमत ०.७०७१. साध्या भागाकारातून इतकी जवळची किंमत काढणारी ही बुद्धी थक्क करते. पण हे सूत्र शून्य ते १८० अंशांपुरतं आहे. कुणी ते २७० अंशांवर चालवलं, तर उत्तर −१.५ येईल, आणि साइन तर −१ च्या खाली कधीच जात नाही. सूत्र कुठल्याही आकड्यावर चालवता येतं, गुणाकार-भागाकार कुणालाही अडवत नाहीत. ते कुठवर खरं आहे, हे डोमेन सांगतं.

‘चाराचं वर्गमूळ अधिक-उणे दोन’

ही चूक इतकी पसरलेली आहे, की शिकलेली माणसंही ती ठामपणे करतात. क्ष² = ४ या समीकरणाच्या उकली दोन आहेत, २ आणि −२. पण √४ म्हणजे फक्त २. वर्गमूळ हे फलन असेल तर त्याला एका प्रश्नाला एकच उत्तर द्यावं लागतं, म्हणून आपण ऋण नसलेलं मूळ ठरवून घेतलं आहे. म्हणूनच तर वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाच्या आधी ± वेगळं लिहावं लागतं. √ मध्येच दोन्ही असते, तर त्या चिन्हाची गरजच काय होती?

वर्तुळाचा पूर्ण परीघही याच कारणानं फलनाचा आलेख होत नाही. उभी रेघ ओढली तर ती परिघाला दोन जागी छेदते, म्हणजे एका क्ष ला दोन य. वरचं अर्धवर्तुळ मात्र चालतं. आडव्या रेघेनं दोनदा छेदलं तर त्याला कुणाची हरकत नाही. दोन वेगळ्या बैठक क्रमांकांना सारखेच गुण पडू शकतात. एका बैठक क्रमांकाला दोन वेगळे एकूण गुण पडू शकत नाहीत. एवढाच तो फरक.

‘वर उणे एक लिहिलं, म्हणजे एक-भागिले’

साइन⁻¹ हे चिन्ह जॉन हर्शेलनं १८१३ मध्ये वापरात आणलं आणि तेव्हापासून विद्यार्थी ते १/साइन असं वाचत आलेत. यात त्यांचा फारसा दोष नाही. साइन² क्ष म्हणजे साइन क्ष चा वर्ग, असं आपणच त्यांना आदल्या वर्षी शिकवलेलं असतं. पण इथे उणे एक म्हणजे उलटा प्रवास. फ(क्ष) = २क्ष + ३ घ्या. ५ घातले की १३ मिळतात. व्यस्त फलन १३ वरून ५ वर परत आणतं. त्याचं सूत्र (क्ष−३)/२. व्युत्क्रम घेतला तर १/१३ मिळेल, आणि त्याचा परत येण्याशी काही संबंध नाही.

परत येता येण्यासाठी फलन एकास एक असावं लागतं. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा आणि १५० ची साइन काढा. ०.५. आता साइन⁻¹ चं बटण दाबा. ३० येतात. निघालो १५० वरून आणि पोचलो ३० वर. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. ०.५ ही साइन ३० चीही आहे, १५० चीही, ३९० चीही. एकच उत्तर द्यायचं तर कुठला तरी एक पट्टा ठरवावा लागतो, आणि तो −९० ते ९० असा ठरलेला आहे. त्या पट्ट्यात साइन एकास एक असते. बारावीला व्यस्त त्रिकोणमितीय फलनांचं प्रकरण अवघड वाटतं ते एवढ्याचसाठी. पट्टा लक्षात न ठेवता मुलं नुसती सूत्रं लावत सुटतात.

‘बेरजेची किंमत म्हणजे किमतींची बेरीज’

(अ+ब)² ला अ²+ब², √(अ+ब) ला √अ+√ब, लॉग(अ+ब) ला लॉग अ + लॉग ब. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला हे ओळखीचं आहे. एकाच गैरसमजाची ही तीन रूपं आहेत. फलन बेरजेवर वाटून टाकता येतं, असं मन गृहीत धरतं.

आर्यभटाच्या तक्त्याकडे परत जाऊन तपासू. तीस अंशांना १,७१९. वाटून टाकता येत असतं तर साठ अंशांना दुप्पट, म्हणजे ३,४३८ यायला हवे होते. पण ते तर नव्वद अंशांचं उत्तर आहे. साठ अंशांना तक्ता २,९७८ देतो. मग दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढायची कशी? ते दुसऱ्या भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ति’ या प्रकरणात सांगितलं आहे: पहिल्याची ज्या गुणिले दुसऱ्याची कोज्या, अधिक पहिल्याची कोज्या गुणिले दुसऱ्याची ज्या, आणि सगळ्याला त्रिज्येनं भागायचं. अकरावीच्या पुस्तकातलं साइन(अ+ब) चं सूत्र ते हेच. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला होता, आणि त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथे आहे. आपल्या इतक्या जवळ शिकवलं गेलेलं हे सूत्र मुलांनी घोकण्याआधी, बेरीज वाटून का टाकता येत नाही हे आकड्यांवर बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

बेरजेवर वाटून टाकता येणारी फलनं मग कोणती? कोशीनं १८२१ मध्ये सिद्ध केलं, की फलन संतत असेल तर फक्त य = मक्ष या रूपातली, मूळबिंदूतून जाणारी सरळ रेघ. य = मक्ष + क ही रेघसुद्धा चालत नाही, जर क शून्य नसेल. दहा अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरनहाइट, वीस म्हणजे ६८. दुप्पट केल्यावर दुप्पट झालं नाही, कारण मध्ये बत्तीस बसले आहेत. संततपणाची अट काढली तर मात्र विलक्षण गोष्ट घडते. बेरजेवर वाटली जाणारी पण रेघ नसलेली फलनं अस्तित्वात आहेत, असं हामेलनं १९०५ मध्ये दाखवलं. त्यांचा आलेख प्रतलात असा विखुरलेला असतो, की कितीही लहान वर्तुळ काढा, आलेखाचा एखादा बिंदू त्यात सापडतोच.

दोन छोटे गैरसमज

फलन सम नसेल तर विषम असतं, असं पुष्कळांना वाटतं. संख्यांची सवय इथे आड येते. क्ष²+क्ष हे सम नाही आणि विषमही नाही, आणि बहुतेक फलनं अशीच असतात. शून्य फलन तर दोन्ही आहे. खरी गोष्ट अशी, की शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच पसरलेल्या डोमेनवरचं कुठलंही फलन एक सम आणि एक विषम अशा दोन फलनांच्या बेरजेत लिहिता येतं, आणि ते एकाच प्रकारे.

दुसरा: अवकलज सगळीकडे ऋण, म्हणजे फलन ऱ्हासमान. १/क्ष चा अवकलज −१/क्ष², डोमेनमध्ये सगळीकडे ऋण. तरी −१ ला किंमत −१ आणि १ ला किंमत १, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना किंमत वाढली. चूक कुठे झाली? डोमेन शून्यापाशी तुटलेलं आहे, आणि हा नियम अखंड पट्ट्यावरच चालतो. दोन्ही तुकड्यांवर स्वतंत्रपणे फलन ऱ्हासमान आहे. दोन्ही मिळून नाही.

‘संतत म्हणजे पेन न उचलता काढता येणारं’

वर्गात ओळख करून देताना ही कल्पना कामाला येते, मीही वापरतो. तिच्यावर थांबलं की घोटाळे सुरू होतात. याच १/क्ष ला विद्यार्थी असंतत म्हणतात, कारण शून्यापाशी पेन उचलावं लागतं. पण शून्य डोमेनमध्येच नाही. जिथे फलनाला किंमतच नाही, तिथे ते संतत आहे की नाही हा प्रश्न उद्भवत नाही. डोमेनमधल्या प्रत्येक बिंदूवर १/क्ष संतत आहे. बोल्झानोनं १८१७ मध्ये आणि कोशीनं १८२१ मध्ये सांतत्य बांधलं ते बिंदूपाशी: क्ष थोडा हलवला तर किंमतही थोडीच हलते का? टोमेनं १८७५ मध्ये दिलेलं फलन प्रत्येक अपरिमेय संख्येपाशी संतत आहे आणि प्रत्येक परिमेय संख्येपाशी असंतत. तिथे पेन काय करणार?

सांतत्य म्हणजे नेमकं काय, ते प्राप्तिकरात चांगलं कळतं. शिवाय इथे एक मोठा व्यवहारी गैरसमजही दूर होतो. स्लॅब ओलांडला की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागतो, असं समजून पगारवाढीला घाबरणारी माणसं आहेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांच्या भागावर ५ टक्के, ८ ते १२ च्या भागावर १०, १२ ते १६ च्या भागावर १५ आणि १६ ते २० च्या भागावर २० टक्के असे दर होते. उपकर बाजूला ठेवू. १६ लाखांवर कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ६०,०००, म्हणजे १,२०,००० रुपये. उत्पन्न शंभर रुपयांनी वाढलं तर वरचा दर त्या शंभरावरच लागेल आणि कर वीस रुपयांनी वाढेल. आलेख तुटत नाही. चढ तेवढा पंधरा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जातो, तिथे कोपरा येतो. डावीकडचा आणि उजवीकडचा चढ वेगळा, म्हणून त्या बिंदूवर अवकलज नाही. सांतत्य मात्र शाबूत आहे.

त्या वर्षीच्या कायद्यात एक जागा अशी होती, जिथे आलेख तुटला असता. कलम ८७-ए च्या सवलतीनं, खास दरानं कर लागणारं उत्पन्न नसेल तर, १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होत होता. टप्प्यांच्या हिशेबानं १२ लाखांवर ६०,००० बसतात. म्हणजे १२ लाखांवर एक रुपया वाढला की साठ हजारांची उडी. ती टाळायला सीमांत सवलत ठेवलेली होती: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. १२,१०,००० वर हिशेबानं ६१,५०० येतात, पण भरायचे १०,०००. हा पट्टा साधारण १२,७०,५८८ पर्यंत चालतो, कारण तिथे दोन्ही हिशेब जुळतात. या पट्ट्यात कराच्या आलेखाचा चढ शून्यावरून एकदम एक होतो, वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो, आणि पट्टा संपला की चढ ०.१५ वर येतो. फलन संतत राखण्यासाठी कायद्यात कलम घालावं लागलं. सांतत्य ही पुस्तकापुरती गोष्ट आहे असं म्हणणाऱ्याला मी हा आलेख काढायला सांगतो.

‘संतत फलनाला थोडे कोपरे सोडले तर सगळीकडे स्पर्शिका असते’

कराच्या आलेखाला मोजके कोपरे होते. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक गणिती असंच समजत होते, की संतत फलनाला कोपरे असतील, पण अधूनमधून. १८ जुलै १८७२ रोजी वायरस्ट्रासनं बर्लिनच्या अकादमीपुढे असं फलन ठेवलं, जे सगळीकडे संतत आहे आणि ज्याला एकाही बिंदूवर अवकलज नाही. बोल्झानोनं असं फलन १८३० च्या सुमारासच रचलं होतं, पण ते त्याच्या कागदपत्रांत राहिलं आणि विसाव्या शतकात उजेडात आलं.

वायरस्ट्रासची रचना समजायला अवघड नाही. एक कोसाइनची लाट घ्या. तिच्यावर दुसरी चढवा, उंची निम्मी, पण दाटी तेरापट. तिच्यावर तिसरी, उंची पुन्हा निम्मी, दाटी पुन्हा तेरापट. असं अनंत वेळा. उंच्यांची बेरीज १ + १/२ + १/४ + … अशी जाते आणि २ च्या पलीकडे जात नाही, म्हणून सगळ्या लाटांची बेरीज संतत राहते. पण लाटेची तीव्रता, तिचा चढ, प्रत्येक पायरीला तेराचा निम्मा, म्हणजे साडेसहापट होतो. कुठल्याही बिंदूजवळ जितकं जास्त बारकाईनं पाहाल, तितके नवे आणि आणखी तीव्र चढ-उतार दिसतात. स्पर्शिका टेकवायला सरळ जागा कुठेच मिळत नाही.

गणितज्ञांना हे आवडलं नाही. एर्मीतनं १८९३ मध्ये स्टील्टजेसला लिहिलेल्या पत्रात अशा फलनांबद्दल चक्क घृणा व्यक्त केली आहे. ही फलनं म्हणजे मुद्दाम घडवलेली विकृती, निसर्गात त्यांना जागा नाही, हा समज दीर्घकाळ टिकला. तो दोन बाजूंनी ढासळला. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणाच्या ब्राउनीय गतीचं काटेकोर गणित वीनरनं १९२३ मध्ये उभं केलं, आणि १९३३ मध्ये पॅली व झिग्मुंड यांच्यासह त्यानं सिद्ध केलं, की या प्रतिमानात कणाचा मार्ग, संभाव्यता १ नं, संतत असतो आणि कुठेही अवकलनक्षम नसतो. बाजारभावांच्या गणितातही हेच मार्ग वापरले जातात. दुसरी बाजू अधिक मूलगामी आहे. १९३१ मध्ये बानाख आणि माझुरकिएविच यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की एखाद्या पट्ट्यावरची सगळी संतत फलनं एकत्र घेतली, तर एका नेमक्या गणिती अर्थानं त्यांतली बहुसंख्य वायरस्ट्रासच्या फलनासारखीच आहेत. एका तरी बिंदूवर अवकलज असणारी त्यांत नगण्य आहेत. बहुपदी, साइन, लॉग, घातांकी, बारावीच्या पुस्तकात ज्यांच्यावर आपण वर्षभर सूत्रं चालवतो ती सगळी या नगण्य गटातली.